शब्दावाचून अरण्य : आंतरजालीय कला आणि निसर्गविषयक लोककथा

'इंटरॅक्टिव्ह' या इंग्रजी विशेषणासाठी मराठीत 'परस्परसंवादी' किंवा 'संवादात्मक' हे प्रतिशब्द आता बरेच रूढ झाले आहेत. त्यांत एक गृहीतक दडलेले आहे. संवाद म्हणजे शब्दांची देवघेव. तेव्हा प्रेक्षक आणि कलाकृती यांच्यात जे घडते ते बोलण्याच्या जातीचे असते, असे हे प्रतिशब्द न बोलता सांगून जातात. मूळ विशेषणात केवळ एकाने दुसऱ्यावर करावयाच्या क्रियेचा बोध आहे. वाणीचा त्यात कोठेही निर्देश नाही. हा भेद वरवर पाहता कोशकाराच्या चिंतेचा विषय वाटेल. परंतु आंतरजालावर निसर्गविषयक लोककथांच्या आधारे निर्माण झालेल्या कलाकृतींचा इतिहास पाहू लागल्यास नेमका हाच भेद त्या इतिहासाच्या मध्यभागी उभा असल्याचे दिसून येते. या कलाकृतींपैकी जी सर्वाधिक काळ टिकली आणि जिच्याभोवती स्वतःचा असा एक समाज निर्माण झाला, तिच्या कर्त्यांनी सहभागी होणाऱ्यांची वाणीच प्रथम काढून घेतली होती.

लोककथेतील श्रोता कधीच निष्क्रिय नव्हता, हे सांगावयास नको. आपल्याकडे कथा सांगणारा श्रोत्याच्या हुंकाराची अपेक्षा करतो. हुंकार थांबला की कथाही थांबते. व्रतांच्या कहाण्या ऐकताना हातात अक्षता धरून बसण्याची रीत आहे. तेथे श्रोत्याचा हात गुंतलेला असतो, मुख मात्र मौन असते. म्हणजे श्रवणातील सहभाग हा शब्दांचाच असला पाहिजे असा निर्बंध परंपरेने घातलेला नाही. छापील पुस्तकाने हा सहभाग संपुष्टात आणला. तो परत मिळविण्याची शक्यता आंतरजालाने दिली, असे पुष्कळ कलावंतांस वाटले, आणि ते स्वाभाविक होते.

३० एप्रिल १९९३ रोजी जिनीव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेने विश्वजालाचे तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केले. पुढील दोन-तीन वर्षांतच केवळ या माध्यमासाठी रचलेल्या कलाकृती दिसू लागल्या. १९९६ मधील ओल्या लियालिना हिची युद्धावरून परतलेल्या प्रियकराविषयीची कृती ही त्यांपैकी सुपरिचित होय. तीत वाचकाने पडद्यावरील एकेका भागावर कळ दाबली म्हणजे तो भाग दुभंगत जातो आणि संभाषण तुटत तुटत पुढे सरकते. अशाच वातावरणात १९९९ साली अमेरिकेतील ऑरिया हार्वी आणि बेल्जममधील मिखाएल सामिन या दोन कलावंतांची ओळख आंतरजालावरच झाली. हार्वी हिच्या संकेतस्थळाचे नाव 'एंट्रॉपी-एट', सामिन याच्या स्थळाचे 'झूपर'. दोहोंचा संधी होऊन 'एंट्रॉपी-एट-झूपर' हे नवे नाव सिद्ध झाले. परस्परांस लिहिलेल्या प्रेमपत्रांऐवजी त्यांनी चित्र, ध्वनी आणि हालचाल यांनी बनलेली पृष्ठे एकमेकांस धाडली. 'स्किन-ऑन-स्किन-ऑन-स्किन' या नावाने तो पत्रव्यवहार पुढे कलाकृती म्हणून मान्यता पावला. बायबलमधील ग्रंथांवर आधारलेली त्यांची एक मालिकाही आहे. प्रस्तुत विषयाशी तिचा संबंध अल्प असल्याने येथे तिचा केवळ उल्लेख पुरे.

या दोघांनी नंतर 'टेल ऑफ टेल्स' ही निर्मितिसंस्था स्थापन केली. 'कथांची कथा' असा अर्थ असलेले हे नाव नेपल्सच्या जांबात्तिस्ता बाझीले याच्या ग्रंथाचे आहे. बाझीले १६३२ साली मरण पावला आणि त्याचा पन्नास कथांचा हा संग्रह १६३४ ते १६३६ या काळात प्रसिद्ध झाला. निद्रिस्त राजकन्येच्या कथेची एक जुनी व बरीच कठोर आवृत्ती त्यात आहे, आणि संस्थेने सर्वप्रथम हाती घेतलेला, परंतु अपुरा राहिलेला प्रकल्प याच कथेवर होता. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने बाझीलेच्या ग्रंथाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. तो नेपल्सच्या बोलीत लिहिला गेला, तोही बोलीतील म्हणी, शिव्या आणि अलंकार यांच्या अशा भरघोस वापराने की, इतर प्रदेशांतील वाचकांस तो दुर्बोध होऊन बसला. बेनेडेट्टो क्रोचे याने १९२५ मध्ये त्याचे प्रमाण इटालियनमध्ये भाषांतर केले. बोलीने ग्रंथाला प्राण दिला आणि बोलीनेच त्याचा प्रसार अडविला. ज्या संस्थेने हे नाव घेतले, तिने आपल्या प्रमुख कलाकृतीत बोली व प्रमाणभाषा या दोहोंचाही त्याग करावा, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

ती कलाकृती म्हणजे 'द एंडलेस फॉरेस्ट', अर्थात अनंत अरण्य. लक्झेंबर्ग येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयाने ती करवून घेतली आणि २००५ साली तिचा पहिला टप्पा सर्वांस खुला झाला. तिचे स्वरूप थोडक्यात असे : संगणकाच्या पडद्यावर एक अरण्य दिसते. त्यात प्रवेश करणारा प्रत्येकजण एक हरीण होतो. या हरणाचे शरीर पशूचे, मुख मात्र मनुष्याचे असते. जगाच्या निरनिराळ्या भागांतील माणसे एकाच वेळी तेथे वावरतात. नवागत पाडसाच्या रूपाने येतो आणि कालांतराने पूर्ण वाढलेले हरीण होतो. जिंकावयाचे काही नाही, हरावयाचे काही नाही, गुण नाहीत, शत्रू नाहीत. एक जुना वटलेला ओक, एक भग्न वास्तू, एक तळे, अशी काही ठिकाणे आहेत. तेथे जावे, बसावे, निजावे, नाचावे. आणखी एक मजेदार सोय अशी की, हे अरण्य संगणकाच्या पडद्याचे 'विश्रांतिचित्र' म्हणूनही वापरता येत असे. मालक काम टाकून उठला आणि संगणक रिकामा राहिला, म्हणजे त्याचे हरीण अरण्यात प्रकट व्हावयाचे.

या अरण्यात बोलता येत नाही, लिहिताही येत नाही. मान लवविणे, हंबरणे, रडणे, शिंगे घासणे, मागील पायांवर उभे राहणे अशा काही ठराविक क्रिया तेवढ्या प्रत्येकाच्या हाती आहेत. नावेसुद्धा अक्षरांची नाहीत. प्रत्येक हरणाच्या शिंगांमध्ये एक चित्रचिन्ह तरंगत असते आणि तीच त्याची ओळख. बेल्जम व लक्झेंबर्ग या दोन्ही देशांत पसरलेल्या आर्डेनच्या वनप्रदेशात संत ह्यूबर्ट याची कथा प्रसिद्ध आहे. शिकारीस निघालेल्या ह्यूबर्टला एका हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला आणि त्याचे जीवन पालटले. शिंगांमधील चिन्हाची ही कल्पना कलावंतांनी तेथूनच उचलली, असे विधान करण्याचे कारण नाही. मात्र त्या भूमीतील प्रेक्षकाच्या मनात ती आठवण जागी होणे सहज शक्य आहे. याहून जवळचे नाते रोमन कवी ओव्हिड याने सांगितलेल्या अॅक्टिऑनच्या कथेशी जुळते. वनदेवता डायाना हिला स्नान करताना पाहिल्याबद्दल अॅक्टिऑन हरीण होतो. त्याची बुद्धी माणसाचीच राहते. नाहीशी होते ती वाणी. आपणच तुमचे धनी आहोत, हे त्याला स्वतःच्या शिकारी कुत्र्यांना सांगता येत नाही आणि ती त्याला फाडून टाकतात. युरोपीय परंपरेत माणसाचे हरीण होणे ही शिक्षा आहे आणि त्या शिक्षेचा गाभा मुकेपणा हा आहे. अनंत अरण्यात तेच मुकेपण लोक स्वेच्छेने पत्करतात.

असे त्यांनी का करावे, या प्रश्नाचे एक उत्तर रोमान याकोब्सन याच्या १९६० मधील सुप्रसिद्ध निबंधात सापडण्यासारखे आहे. भाषेच्या सहा कार्यांपैकी एक त्याने संपर्ककार्य असे मानले. 'ऐकताय ना?', 'काय म्हणता?' यांसारख्या उक्तींतून माहिती दिली जात नाही, केवळ दुवा शाबूत आहे एवढेच कळविले जाते. ही कल्पना त्याने मालिनोव्स्कीकडून घेतली होती. मालिनोव्स्कीने १९२३ मध्येच दाखवून दिले होते की, पुष्कळसे बोलणे हे केवळ सहवासाचे बंध विणण्यासाठी असते. अरण्यातील हरणांना जे उरले आहे ते जवळजवळ निव्वळ संपर्ककार्य होय. एकाने मान लवविली, दुसऱ्याने लवविली. एक बसला, दुसरा शेजारी येऊन बसला. श्रोत्याचा हुंकार कथेपासून सुटा करून त्याचेच एक जग बनवावे, तसे हे आहे. आंतरजालावर अनोळखी माणसांच्या शाब्दिक भेटींत कलह किती त्वरेने उद्भवतो, याचा अनुभव असणाऱ्यास या योजनेतील शहाणपण वेगळे समजावून देण्याची गरज नाही.

परंतु मग यात लोककथा कोठे आहे? वन आहे, मानवमुखी हरीण आहे, पडकी वास्तू आहे, कथानक नाही. २००६ साली अथेन्स येथे हार्वी व सामिन यांनी 'रिअलटाइम आर्ट' या नावाचा जाहीरनामा मांडला आणि त्यात एकरेषीय कथानकाच्या साच्यास स्पष्ट विरोध केला. केवळ पार्श्वभूमीवरून लोककथा ठरत असेल, तर जंगलाचे चित्र असलेले प्रत्येक दिनदर्शिकेचे पानही लोककथा ठरेल. येथे व्लादिमीर प्रॉप याने १९२८ मध्ये केलेले विश्लेषण उपयोगी पडते. रशियन अद्भुतकथांच्या तुलनेतून त्याने एकतीस 'कार्ये' निश्चित केली : घरातील कोणाचे तरी दूर जाणे, निषेध, निषेधाचा भंग, दुष्टाची हानी, नायकाचे प्रयाण इत्यादी. अनंत अरण्यास ही मोजपट्टी लावल्यास एकामागून एक कार्ये गळून पडतात. निषेध नाही, भंग नाही, दुष्ट नाही, विवाह तर नाहीच. तथापि एक गोष्ट शिल्लक राहते, आणि तीच या कलाकृतीचे मर्म आहे.

वनातील काही वस्तूंशी सलगी केली असता हरणास जादू प्राप्त होते. तिच्या योगे कातडीचा रंग पालटतो, शिंगे निराळी होतात, शिंगांवर फुले उमलतात. मात्र ही जादू स्वतःवर चालत नाही. ती दुसऱ्यावरच करावी लागते. ज्याला आपले रूप बदलावयाचे असेल त्याला आरसा पाहून काही साधत नाही, कोणाच्या तरी शेजारी जाऊन उभे राहावे लागते. प्रॉपच्या परिभाषेत बोलावयाचे तर, कथेतील सर्व पात्रे निघून गेली आहेत आणि नायकास जादूची वस्तू देणारा 'दाता' तेवढा मागे उरला आहे. प्रत्येकजण दुसऱ्याचा दाता आहे. नायक कोणीच नाही. अद्भुतकथेतील वनाचा अर्थ याहून नेमकेपणाने फारच थोड्या आधुनिक कृतींनी पकडला असेल. कथांतील वन हे बहुधा असेच स्थान असते, जेथे स्वतःच्या बळावर काही मिळत नाही, वाटेत भेटलेल्या म्हातारीने, मुंगीने किंवा पक्ष्याने दिले तरच मिळते.

याच कलावंतांनी २००९ मध्ये 'द पाथ' ही लाल टोपीवाल्या मुलीच्या कथेवरील कृती सादर केली. ती आंतरजालीय नाही, एकट्याने खेळावयाची आहे. तीत प्रॉपची कार्ये, विशेषतः निषेध आणि भंग, पूर्ण जोमाने परततात : वाट सोडू नये असे सांगितले जाते, आणि वाट सोडल्यावाचून काही घडत नाही. वनातील वस्तूजवळ मुलगी पोहोचली की खेळणाऱ्याने काहीही दाबावयाचे नसते. कळांवरून हात काढून घेतला म्हणजे मुलगी स्वतःच पुढे होते. हातात अक्षता धरून स्वस्थ बसण्याच्या आपल्याकडील रीतीची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही.

हार्वी व सामिन यांच्या मार्गाविषयी एक आक्षेप मात्र घेतला पाहिजे. वाणी सोडून देण्याची चैन ज्यांची भाषा सुरक्षित आहे त्यांनाच परवडते. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे याच काळातील प्रयत्न पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. मोहॉक कलावंत स्कावेनाटी हिने १९९७ साली 'सायबर-पॉववॉव' हे आंतरजालीय कलादालन सुरू केले. लोकांनी चित्ररूप धारण करून एकत्र यावे आणि बोलावे, यासाठी ते मुद्दाम रचले होते; २००४ पर्यंत त्याचे उपक्रम चालले. पुढे २००५ मध्ये तिने जेसन एडवर्ड लुईस याच्यासह मॉन्ट्रिअलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात एक संशोधनगट स्थापिला. या गटाच्या कार्यशाळेत काहनवाके येथील शाळेतील विद्यार्थ्यांनी आपल्या जमातीच्या दंतकथांवरून 'ओत्सी' हा संगणकीय खेळ बनविला. मुलांनी त्यासाठी कथा गोळा केल्या आणि कोणती कथा कोणी व कशी सांगावयाची यावर विचार केला. कदाचित खेळाहूनही हा विचार अधिक मोलाचा असेल.

अलास्कातील इन्युपियाक लोकांची 'किसिमा इन्ङिच्चुङा' ही कृती (२०१४) याच वाटेवरील पुढचा टप्पा होय. कुक इनलेट येथील आदिवासी परिषदेने ती एका व्यावसायिक निर्मितिसंस्थेच्या साहाय्याने घडविली. न थांबणाऱ्या हिमवादळाचा उगम शोधीत निघालेल्या बालकाची ही कथा रॉबर्ट नासरुक क्लीव्हलंड या कथनकाराने सांगितल्याप्रमाणे नोंदलेली होती. निर्मात्यांनी ती त्याच्या कन्येच्या अनुमतीने घेतली. मूळ कथेत मुलगा आहे, खेळात 'नुना' नावाची मुलगी आणि तिच्यासोबत एक श्वेत कोल्हा. हा पालटही विचारूनच केला गेला. कथन आरंभापासून अखेरपर्यंत इन्युपियाक भाषेत आहे, इतर भाषा केवळ पडद्याच्या तळाशी अनुवादरूपाने येतात. जगभर पसरलेल्या खेळणाऱ्यांनी एका छोट्या समाजाची भाषा तासन् तास कानांवर पडू द्यावी, ही घटना भाषेच्या इतिहासात लहान नव्हे.

शीर्षकाविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. 'किसिमा इन्ङिच्चुङा' याचा अर्थ 'मी एकटा नाही' किंवा 'मी एकटी नाही'. निषेध आणि प्रथमपुरुष हे दोन्ही तेथे क्रियारूपाला जडलेल्या प्रत्ययांतून व्यक्त होतात. इंग्रजी शीर्षकाचा अर्थ 'कधीही एकटे नाही' असा आहे. त्यातून बोलणारा 'मी' गळून गेला आहे. मराठीत तो 'मी' राहतो, परंतु एकटा की एकटी, हे आधी ठरवावे लागते. इन्युपियाकमध्ये व्याकरणिक लिंगच नसल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. कथेतील मुलाची मुलगी करताना मूळ भाषेने जी मोकळीक दिली, ती मराठी अनुवादकास मिळाली नसती.

तेव्हा दोन मार्ग स्पष्ट दिसतात. एका मार्गाने लोककथेतील भाषा बाजूस ठेवून तिच्यातील व्यवहार जपला, दुसऱ्याने भाषा आणि कथनकाराचा अधिकार अग्रभागी ठेविला. यांपैकी अधिक 'लौकिक' कोणता? बोगातिरेव्ह व याकोब्सन यांनी १९२९ मध्ये एक कसोटी सांगितली होती. लिखित कृती लिहिली की अस्तित्वात येते. लोककृती मात्र समाजाने ती स्वीकारून पुन्हा सांगितली तरच जिवंत राहते, न स्वीकारलेले सारे विरून जाते. या कसोटीवर अनंत अरण्याची स्थिती मोठी मनोरंजक आहे. ते निःसंशय दोन नामांकित कलावंतांची कृती आहे. 'अबायोजेनेसिस' नावाच्या प्रयोगांत हे दोघे जुळ्या देवतांच्या रूपाने स्वतः अवतरून अरण्यात चमत्कार घडवीत. परंतु ते निघून गेल्यावर हरणांनी जे शिष्टाचार पाडले, कोणत्या ठिकाणी जमावे, नवागताभोवती कसे फिरावे, कोणत्या हालचालीचा काय अर्थ घ्यावा, ते कोणी लिहून दिलेले नव्हते. एकाने केले, दुसऱ्याने उचलले, टिकले ते टिकले. आणि अरण्याबाहेर येताच याच लोकांनी आपापल्या हरणांच्या कुळकथा, स्नेह आणि वैरे यांविषयी भरभरून लिहिले. दाराशी काढून ठेविलेली वाणी त्यांनी परतताना उचलून घेतली, आणि ज्या अरण्यात एकही कथा ठेविली नव्हती त्यातून कथा बाहेर आल्या.

टिकण्याच्या बाबतीत मात्र यंत्राची कथा मुखातल्या कथेहून फार दुबळी आहे. ज्या 'फ्लॅश' तंत्रावर आंतरजालीय कलेचा मोठा भाग उभा होता, त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी निर्मात्यांनी काढून घेतला आणि असंख्य कृती एका दिवसात मुक्या झाल्या. 'स्किन-ऑन-स्किन-ऑन-स्किन' पुन्हा पाहता यावी म्हणून न्यूयॉर्कच्या 'रायझोम' या संस्थेस जुना संगणक व जुना न्याहाळक यांचे सोंग घेणारी व्यवस्था उभारावी लागली. नाणे पाहावयाचे तर त्या काळचा बाजारही उभा करावा, तसा हा प्रकार आहे. २०१५ मध्ये 'सनसेट' या कृतीच्या जेमतेम चार हजार प्रती खपल्यानंतर हार्वी व सामिन यांनी व्यापारी खेळांची निर्मिती थांबविल्याचे जाहीर केले. अनंत अरण्य त्या निर्णयातून वाचले, कारण त्याला विक्रीचे मूल्य कधीच नव्हते. पहिले दशक सरल्यावर त्याचे जुने तंत्र जीर्ण झाले, तेव्हा ते नव्या यंत्रणेत नव्याने रचण्यासाठी वर्गणी मागण्यात आली, आणि हरणांनी ती दिली. त्या नव्या रचनेतही हरणांना वाणी देण्याचा बेत नव्हता.